डिकीवरचा चेहरा

बॅटरीमामांबद्दल लिही, असं मला कुणी सांगितलेलं नाही. लिहिणं हा माझा प्रांतही नाही. आयुष्यभर गाड्या धुतल्या. कागदाशी संबंध आला तो गाडीत पायाखाली अंथरायच्या कागदाशी. पण मामा गेले तेव्हा जमलेली माणसं एकमेकांना हेच सांगत होती, की या माणसाने उभ्या जन्मात एका गाडीवर चरा ठेवला नाही. मीही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र ते वाक्य काही केल्या गिळवेना. एका गाडीचं त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या दुकानातला, ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय, म्हणून लिहून ठेवतो. नीट जमलं नाही तर हसू नये.

बॅटरी हे नाव त्यांना खिशातल्या लहानशा बॅटरीमुळे पडलं. गाडीच्या रंगावर ती तिरकी मारून ते चरे शोधायचे. आमच्या दुकानातच नव्हे, रस्त्यात, दवाखान्याच्या दारात, परक्या गाडीवरसुद्धा. एकदा एका गाडीचा मालक चोर समजून धावत आला. मामा उलट त्यालाच रागावले, "कोरड्या फडक्याने पुसता ना गाडी? बघा, काय जाळं करून ठेवलंय!" तो माणूस पुढे आमचं कायमचं गिऱ्हाईक झाला.

आधी ते लाकडी सामानाला पॉलिश करायचे. हात तिथेच तयार झाला. गाड्यांच्या कामाला आले तेव्हा चाळिशी उलटली होती. काम सुरू करण्याआधी घड्याळ, अंगठी, कमरेचा पट्टा, सगळं काढून एका डब्यात ठेवायचे, आणि सदऱ्याची बटणं रंगाला घासू नयेत म्हणून वरून बिनबटणाचा ॲप्रन चढवायचे. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून गाडीवरून बोटं फिरवायची. उघड्या बोटांना जे लागत नाही ते पिशवीतून लागतं. "इथे कचकच आहे," म्हणायचे. मी डोळे फाडून बघितलं तरी मला तिथे काही दिसायचं नाही.

मामींचं म्हणणं वेगळं होतं. एकदा मी त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "लोकांच्या गाड्यांचे आरसे करतात हो. आणि आमचं कपाट बघा. त्यावरच्या धुळीत हिशोब लिहिता येईल." मामा हसून म्हणाले, "पुसू नकोस बरं का कोरड्या फडक्याने." मामींनी फडकं त्यांच्या अंगावर फेकलं.

मी गाड्या धुवायचो म्हणून मामा मला "पाणीवाले" म्हणायचे. वयाने आम्ही बरोबरीचे, पण ते मला अहो-जाहो करायचे आणि मी त्यांना. आमची जागा म्हणजे एक लांबट खोली, वर दोन रांगांत ट्यूबलाईट, मधोमध पाणी जायला चर, आणि दाराला जाड प्लास्टिकचा पडदा. गाडी आली की आधी माझ्याकडे, मग मामांकडे. एवढंच आमचं जग होतं.

त्या गाडीचे मालक पहिल्यांदा आले ते गाडीशिवायच. जाडसर, बोलका माणूस. नवीन गाडी नोंदवली होती, मिळाली की रंगावर काचेसारखा थर चढवणारं पहिलं कोटिंग आमच्याकडेच करायचं ठरवून आले होते.

"रंग कुठला?" मामांनी विचारलं.

"काळा."

मामांनी कपाळाला हात लावला. "बदलता येत असेल तर अजून बदला साहेब. काळी गाडी धुतल्यावर अर्धा तास चांगली दिसते. पुढचे सात दिवस आपण फक्त तिची धूळ बघायची."

"ते मला सांगू नका, माझ्या लेकीला सांगा," ते म्हणाले. "तिला काळीच हवी. घरात माझं कोण ऐकतंय? तुमचं तरी ऐकतात का?"

"माझं गाड्यासुद्धा ऐकत नाहीत," मामा म्हणाले, आणि दोघं मनापासून हसले.

जाताना त्यांनी मामांचा हात हातात घेऊन सांगितलं, "करून द्यायचं बरं का, एकदम आरसा." मामा म्हणाले, "आरसा करून देतो." तारीख ठरली. त्या तारखेला मामांनी पॉलिशच्या मशीनचे नवे पॅड काढून ठेवले, पण गाडी आली नाही. फोनही नाही. मामा दोन दिवस कुरकुरत होते, की मोठ्या लोकांना दिलेल्या वेळेची किंमत नसते.

महिन्याभराने गाडी आली. चालवत होती त्यांची मुलगी, असेल विशीतली, आणि शेजारी तिचे काका. गाडी मिळाल्यावर दहाव्या दिवशी तिचे वडील ऑफिसच्या जिन्यात बसले ते उठले नव्हते. मुलीने हे एका वाक्यात सांगितलं आणि म्हणाली, "बाबांनी तुमच्याकडचं ठरवलं होतं, म्हणून आणलीय." दोन दिवस कुरकुर केली होती ती मामांना आठवली असणार, कारण मला तरी आठवली.

मग ती त्यांना गाडीच्या मागे घेऊन गेली. "मामा, सगळं करा. फक्त एक काढू नका," ती म्हणाली. "तुमची बॅटरी द्या."

डिकीच्या उजव्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत तिने प्रकाश तिरका धरला. काळ्या रंगात अगदी बारीक रेषांचा एक चेहरा उमटला. गोल तोंड, दोन वेण्या, बाहेर काढलेली जीभ. बॅटरी सरळ केली की नाहीसा व्हायचा.

गाडी घरी आल्यावर दोनच दिवसांत शेजारच्या बांधकामाची धूळ बसली होती. ती कॉलेजला निघाली असताना वडिलांनी त्या धुळीत बोटाने तिचं चित्र काढलं होतं आणि म्हणाले होते, "बघ, तुझी काळी गाडी. आता पुस रोज." धूळ पाण्याने गेली. पण बोटाखालच्या धुळीच्या कणांनी रंगावर जे ओढलं ते राहिलं. वडील गेल्यावर एक दिवस उन्हात गाडीचं दार लावताना तिला ते दिसलं.

"लहानपणी माझ्या प्रत्येक वहीवर हाच काढायचे," ती म्हणाली. "वह्या दरवर्षी रद्दीत गेल्या."

"फोटो काढून ठेवला का?" मी विचारलं. मी सहसा गिऱ्हाइकाशी बोलत नाही, पण राहवलं नाही.

"शंभरदा काढला. फोटोत माझा हात येतो, फोन येतो, आकाश येतं. हे येत नाही."

काकांना हे पटत नव्हतं. "अगं, नवीकोरी गाडी. लोक चरे काढायला इथे येतात, तू ठेवायला आलीस. मामा, तुम्हीच सांगा हिला."

मामा गुडघ्यावर बसून तो चेहरा बघत होते. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "ताई, सुरुवात हनुवटीपासून केलीय त्यांनी. गोल पूर्ण होताना बोट जरा उचललं गेलंय, बघा. डावी वेणी एका दमात. उजवीला दोनदा थांबलेत. आणि जीभ शेवटी, जोर देऊन."

ती त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली.

"कोटिंग यावरून बसलं की पाच वर्षं हे हलणार नाही," मामा म्हणाले. "धुतलं तरी नाही, पुसलं तरी नाही. काचेखाली ठेवल्यासारखं राहील."

"मला तेच हवंय. आधी पक्कं होऊ दे."

"होईल. तुम्ही उद्या पाचला या."

पहिल्या दिवशी मी गाडी धुतली. डिकीच्या त्या भागावर मी हातमोजाही टेकवला नाही, नुसतं पाणी सोडलं. ते सुकल्यावर मामांनी चेहऱ्याभोवती निळ्या कागदी टेपचा चौकोन केला आणि चेहऱ्यावर मऊ कापड ठेवून तेही टेपने बंद केलं. मग बाकीच्या गाडीवर मशीन फिरवायला सुरुवात केली. गाडी नवी असली तरी शोरूमच्या लोकांनी ती कशाने पुसली होती देव जाणे. बॉनेटवर सगळं कोळिष्टकासारखं जाळं होतं. काळा रंग मऊ असतो. मामा दाब न देता, मशीनच्या वजनानेच काम करायचे. एक भाग झाला की पुसायचं, बॅटरी मारायची, पुढचा भाग. संध्याकाळपर्यंत दोन दारं आणि बॉनेट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला सगळी गाडी झाली. छतावरची ट्यूबलाईट त्या काळ्या रंगात इतकी सरळ दिसत होती, की तिच्यावरची मेलेली चिलटंही मोजून घ्यावीत.

मग मामांनी डिकीवरचा टेप काढला. आत चेहरा होता तसाच होता. आम्ही दोघांनी बॅटरीच्या उजेडात बघितला.

पण चौकोनही दिसत होता. भोवतीचा रंग पॉलिश होऊन खोल, ओल्यासारखा झालेला, आणि मधला तुकडा फिकट, जुनाट. त्याच्या चारही कडा चाकूने कापल्यासारख्या उठून दिसत होत्या. मामा दोन पावलं मागे गेले, परत पुढे आले.

"पाणीवाले, कसं दिसतंय?"

"बरं दिसतंय," मी म्हणालो.

"बरं कुठे? खिडकी बसवल्यासारखं दिसतंय. तिच्या बापाने काढलेला चेहरा, आणि आपण त्याला ठिगळ लावून देणार?" त्यांनी एक छोटं फडकं घेतलं, बोटाभोवती गुंडाळलं, त्यावर सगळ्यात सौम्य पॉलिशचा थेंब टाकला. "मशीन नको. नुसती कड मारतो हाताने. कड मिटली की झालं."

राहू द्या, असं माझ्या ओठावर आलं होतं. दहा-बारा वर्षं शेजारी काम करून मला एवढं कळत होतं, की चांगलं झालेलं काम त्यांना अजून चांगलं करावंसं वाटतं तेव्हा त्यांचा हात त्यांच्या हातात राहत नाही. पण ते मामा होते आणि मी बादलीवाला. मी त्यांना काय सांगणार? मी फडकी पिळायला गेलो.

परत आलो तेव्हा ते लहान लहान गोल फिरवत होते. डोळे मिटलेले होते. ते असेच करायचे, शेवटचा हात मारताना डोळे मिटून घ्यायचे आणि बोटांवर सोडायचे. कडेवरून कडेकडे, कडेवरून आत, जिथे खरखर लागेल तिथे. आणि खरखर कुठे लागणार? आत, त्या रेषांवरच.

त्यांनी फडकं उचललं, रंग पुसला, बॅटरी मारली. डावीकडून मारली. उजवीकडून मारली. खाली बसून वर मारली. मग बॅटरी कानाजवळ नेऊन हलवली.

"सेल उतरलेत वाटतं," ते म्हणाले. "नवे द्या बघू."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे सेल आणले. त्यांनी हात पुसून सेल बदलले आणि पुन्हा बॅटरी लावली. डिकी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखी काळी होती. कुठे चौकोन नाही, कुठे काही नाही.

मामा जमिनीवर बसले. त्यांचे हात मांडीवर पालथे पडले होते. मला सुचेल ते मी बोललो. "मामा, कोटिंगच्या खाली दबून गेलं असं सांगू. तिला काय कळतंय."

"ती खरं मानेल हो," मामा म्हणाले. "लगेच मानेल."

पाचला मुलगी आणि काका आले. मामा पडद्याबाहेरच उभे होते. तिला आत येऊ देण्याआधी त्यांनी सांगितलं, "ताई, तो चेहरा माझ्या हातून गेला. टेप काढेपर्यंत होता. नंतर कड मिटवायला गेलो आणि पुसला. कोटिंगने नाही, मी पुसला."

तिला आधी कळलंच नाही. ती हसत आली होती, ते हसू तसंच राहिलं होतं. मग तिने हात पुढे केला आणि मामांनी बॅटरी दिली. ती डिकीजवळ गेली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, वाकून, गुडघे टेकून बघत राहिली. वीस मिनिटं तरी बघत होती. मामा तिच्या मागे, ती सरकेल तसे सरकत होते.

काकांचा मात्र तोल गेला. "एक गोष्ट सांगितली होती तुम्हाला! एकच! अख्खी गाडी दिली होती ना घासायला? तेवढाच तुकडा सापडला?" मामा मान खाली घालून ऐकत होते. काकांनी आवाज चढवला, आणि मग ते बाहेर जाऊन उभे राहिले. चरे काढायला सांगणारा माणूस तोच होता, आणि बाहेर उभा राहून तो डोळे पुसत होता.

मुलीने बॅटरी परत दिली. "असू दे मामा," ती म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कोटिंग उद्या करून देतो," मामा म्हणाले.

"बाकीचं करा. डिकीला काही लावू नका."

तसंच केलं. पैसे मामांनी घेतले नाहीत.

पुढे आठ दिवस मामा कामाला येत होते, पण मशीन हातात घेत नव्हते. नवव्या दिवशी म्हणाले, "पाणीवाले, माझ्याबरोबर चला. घरी जाऊन नीट माफी मागतो. त्या दिवशी सगळं उभ्या उभ्या झालं." पत्ता कामाच्या कागदावर होता. रविवारी सकाळी आम्ही गेलो.

एका इमारतीतलं तळमजल्यावरचं घर होतं ते. गाडी खिडकीसमोरच उभी होती. दार मुलीच्या आईने उघडलं. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं. "गाडी किती सुंदर केलीत हो," त्या म्हणाल्या. "ह्यांनी फार कौतुक केलं असतं. तुमच्याकडून आल्यावर मला सांगत होते, एक भारी माणूस भेटला म्हणून."

मामांच्या हातातला पेला तसाच राहिला. "वहिनी, मी माफी मागायला आलोय. तो चेहरा माझ्या चुकीने गेला. कसा गेला ते मला..."

"कुठला चेहरा?" त्यांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. तोवर आतल्या दारात मुलगी येऊन उभी राहिली होती.

"आई, मी सांगणार होते," ती म्हणाली. "पक्कं झालं की तुला बाहेर नेऊन दाखवणार होते. पक्कं होण्याआधी दाखवलं असतं तर तू रोज त्याच्यावर हात फिरवला असतास, म्हणून थांबले."

एका चुकीची माफी मागायला आलो होतो आणि येताच दुसरी करून बसलो. आईला नवऱ्याने शेवटी काढलेलं काही होतं हेही तेव्हाच कळलं आणि ते नाही हेही तेव्हाच. त्या रडल्या नाहीत. उठल्या, पायात चपला घातल्या. "दाखवा कुठे होतं," त्या म्हणाल्या.

आम्ही चौघं गाडीमागे उभे राहिलो. मामांनी बोट रंगापासून वीतभर लांब धरून हवेतच दाखवलं. "इथून सुरुवात. हनुवटी. असं वर, असं गोल. इथे बोट उचललं. ही डावी वेणी, एका दमात. ही उजवी. इथे थांबले, इथे थांबले."

"आणि जीभ?"

"जीभ शेवटी. डावीकडे वळलेली."

"डावीकडेच काढायचे," आई म्हणाल्या. "मी म्हणायचे, सरळ काढा की. तर म्हणायचे, सरळ काढली तर आजारी दिसते." त्या एवढंसं हसल्या, आणि मग त्यांनी गाडीला धरलं.

घरात आल्यावर मुलीने मामांपुढे कागद आणि पेन्सिल ठेवली. "तुम्हाला सगळं लक्षात आहे. काढून द्या."

मामा घाबरले. "ताई, मला चित्र येत नाही. मी कधी काढलेलं नाही." पण तिने पेन्सिल पुढे धरलीच होती. ते कागदावर वाकले. इतका हलका हात असलेला माणूस, पण पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. गोल वाकडा झाला. वेण्या दोऱ्यांसारख्या झाल्या. त्यांनी क्रम मात्र तोच ठेवला, जिथे बोट उचललं होतं तिथे पेन्सिल उचलली, जिथे थांबले होते तिथे थांबले.

मुलीने बघितलं. "असा नव्हता मामा," ती हळूच म्हणाली. मग तिने स्वतः काढून बघितला. तिचा जास्त सुबक झाला. तोही तसा नव्हता, हे तिला माहीत होतं, कारण तिने लगेच त्यावर हात ठेवला.

"दे इकडे," आई म्हणाल्या.

त्यांनी तो चेहरा गाडीवर कधी बघितलाच नव्हता. वह्यांवरचा आठवून, मामांनी हवेत दाखवलेला आठवून त्या काढत होत्या. मामा बाजूने सांगत होते, "वेणी जरा आत घ्या वहिनी... हां... आता थांबा... आता जीभ." खोलीत पेन्सिलचाच आवाज होता. मी पाण्याचे पेले उचलून टेबलाच्या एका बाजूला नेऊन ठेवले, कारण मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

आईंनी कागद वळवून लेकीपुढे धरला.

"जीभ बरोबर आहे," मामा म्हणाले.

मुलीने कागद लांब धरला, तिरका धरला, खिडकीकडे नेला. "नाही आई," ती म्हणाली, आणि दुसरा कागद घेतला.